साक्षीला निघालेल्या भाचीस

पुणे,
रविवार

चि. मनू,



परवा फोनवर तू एवढंच म्हणालीस, "मावशी, मला कोर्टाचं समन्स आलंय," आणि पुढे तुला बोलवेना. बाकीचं ताईनं सांगितलं. दुकानातून मोबाइल गेला तेव्हा काउंटरवर तू होतीस, पोलिसांनी तुझा जबाब घेतला होता, आणि आता साताऱ्याच्या कोर्टात साक्षीची तारीख लागली आहे. आपल्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नाही, असं ताई म्हणाली. मी चढले आहे. लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात माझी नोकरी झाली आणि तिथल्याच एका चोरीत मी शिवाजीनगर कोर्टात साक्ष दिली. तेव्हा मला चार शब्द सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुझ्यावर काहीही आलेलं नाही. हवालदारानं गिऱ्हाइकांसमोर तुझं नाव पुकारलं, सगळे वळून बघायला लागले, याची तुला लाज वाटली ना? वाटून घेऊ नकोस. मात्र समन्स घेतल्यावर जायलाच हवं. न गेल्यास दंड होतो, वॉरंटही निघतं. समन्सवर कलम ३०५ आहे म्हणे. दुकान, घर, गोदाम अशा जागेतल्या चोरीचं ते कलम, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ला न्याय संहिता लागू झाली, त्याआधी भारतीय दंड विधानात ते ३८० होतं. माझ्या वेळी तेच लागलं होतं. सात वर्षं हा आकडा ऐकून तुझ्या पोटात गोळा आला असेल. तुला वाटत असेल, त्या आरोपी पोराचं आयुष्य आता माझ्या जिभेवर आहे. ते खरं आहे, आणि म्हणूनच हे पत्र नीट वाच.

आधी माझ्या केसची गोष्ट सांगते. लग्नसराईचे दिवस होते. भर दुपारी चार-पाच बायका आल्या, एकीच्या कडेवर मूल. गादीवर बसल्या आणि हे दाखवा, ते दाखवा सुरू झालं. आमच्या गादीवर गर्दीत कसं होतं तुला ठाऊक आहे. साड्यांचा ढीग पडतो, एक घडी करावी तोवर दुसऱ्या दोन उलगडलेल्या असतात. मी वरच्या फळीवरची पैठणी काढायला उठले, वळले, तेवढ्यात समोर बसलेल्या बाईचा हात मला दिसला. अंजिरी रंगाची, मोरपदराची एक पैठणी तिनं मांडीखाली ओढली आणि तिथून पदराआड घेतली. तिचा चेहरा मी पाहिला, हात पाहिला, साडी जाताना पाहिली. मी ओरडले. ती दारातच सापडली, साडीसकट. बाकीच्या पांगल्या. त्यांतली म्हणून एक बाई लोकांनी पुढच्या चौकाजवळ धरली आणि पोलीस येईपर्यंत तिला मारलं. कुणी, का, हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं. तिची चप्पल रस्त्यातच राहिली होती.

त्या दुसऱ्या बाईला मी दुकानात पाहिलं होतं का? मनू, मला सांगता येत नव्हतं. बायका चार होत्या की पाच हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. माझं लक्ष एकीवर होतं. जबाबात मी तसंच सांगितलं. पण केस उभी राहायला बरीच वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात दुकानात ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की तिला हातपाय फुटले. कॅशिअर म्हणायचे, दुसरीनं मुद्दाम मूल रडवलं. शिपाई म्हणायचा, तिनंच साडी पुढे सरकवली. यांतलं कुणीही गादीवर नव्हतं! रोज ऐकून ऐकून मलाही डोळ्यांसमोर ते दिसायला लागलं होतं. खोटं बोलायची कुणाची इच्छा नसते. पण आठवण अशी आपल्या नकळत दुसऱ्याची होत जाते, आणि साक्षीदाराला सगळ्यांत जास्त सांभाळावं लागतं ते यालाच.

तुझ्या बाबतीत हे आणखी अवघड आहे, कारण तुमच्याकडे कॅमेरे आहेत. ताई सांगत होती, मालकांनी ते फुटेज सगळ्यांना कितीदा तरी दाखवलं, कुणीतरी ग्रुपवरही टाकलं. आता तुला जे आठवतं त्यातलं डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि पडद्यावर पाहिलेलं किती? हे तारखेआधी एकटीनं बसून वेगळं कर. काउंटरमागं उभी असताना तुला त्या मुलाचा चेहरा समोरून दिसला होता की नुसती पाठ? फुटेज वरून घेतलेलं असतं, छताजवळून. त्या कोनातून तू त्याला कधीच पाहिलेलं नाहीस. तुझ्या आठवणीतला तो वरून दिसत असेल, तर ती आठवण कॅमेऱ्याची आहे. फुटेज कोर्टापुढं यायला वेगळी वाट आहे, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं (जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं). ते बघणारी माणसं वेगळी. तू पडद्याची साक्ष द्यायला निघालेली नाहीस. "फुटेजमध्ये दिसलं" आणि "मी पाहिलं" ही दोन वाक्यं कोर्टात कधीही एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. अकराच्या आत पोच. समन्सवर कोर्टाचा क्रमांक असतो, दाराबाहेर बोर्ड लावलेला असतो, त्यात केस नंबर बघ. आत जाऊन पैरवीच्या, म्हणजे कोर्टातलं पोलिसांचं काम बघणाऱ्या, पोलिसाला आणि सरकारी वकिलांना आल्याचं सांग. वकील तुझा जबाब तुला वाचायला देतील, तो नीट वाच. त्यावर तुझी सही नसेल, घाबरू नकोस, पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. मग थांबायचं. हे थांबणंच फार छळतं. साक्षीदारांना बसायला जागा नसते, प्यायला पाणी मिळत नाही, तारखेवर तारखा पडतात, हे खुद्द सर्वोच्च न्यायालयानं २००० साली स्वर्णसिंग खटल्याच्या निकालात खेदानं नोंदवलं आहे. माझ्या वेळी आरोपीचे वकील आले नाहीत, पुढच्या वेळी न्यायाधीश साहेब रजेवर, त्यापुढच्या वेळी मुद्देमालच आला नाही. प्रत्येक खेपेला माझा खाडा धरला गेला. हा अन्याय आहे आणि आजही तो पुरता थांबलेला नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

पट्टेवाल्यानं पुकारा केला की आत जायचं. सिनेमातल्यासारखं गीतेवर हात ठेवायला लावत नाहीत. खरं सांगेन अशी शपथ देतात, देवाचं नाव घ्यायचं नसेल तर प्रतिज्ञेवर सांगता येतं. आधी सरकारी वकील विचारतात, ती सरतपासणी. त्यानंतर आरोपीचे वकील, ती उलटतपासणी. उत्तर साहेबांकडे बघून दे, आणि सावकाश. तू बोलतेस ते साहेब सांगतात आणि शेजारी टाइप होतं. शेवटी ते वाचून मगच सही कर, एखादा शब्द उलटा आला असेल तर तिथंच सांग.

माझ्या सरतपासणीत मुद्देमालाचं पाकीट फोडलं. लाखेचा शिक्का, पंचांच्या सह्यांचं लेबल, आणि आत ती अंजिरी पैठणी. जरीची साडी एका घडीवर पडून राहिली की घडीवरच चिरते, म्हणून आम्ही दर काही महिन्यांनी घड्या मोडून नव्यानं घालायचो. ही वर्षानुवर्षं तशीच पडलेली. मी हात लावला तशी मोराच्या मानेवर फट दिसली. कुणा विणकराच्या कितीतरी दिवसांच्या मेहनतीची वस्तू, ना त्या बाईच्या अंगावर गेली, ना गिऱ्हाइकाच्या. मला फार वाईट वाटलं. २००२ साली सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुद्देमाल असा पोलीस ठाण्यात कुजवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, मालकाच्या ताब्यात द्या. आमच्या साडीच्या वाट्याला ते आलं नाही.

उलटतपासणी मला आजही तोंडपाठ आहे. वकील म्हणाले, अशा साड्या बाजारात कुठंही मिळतात. मी म्हटलं, मिळतात. ही तुमच्याच दुकानातली कशावरून? मी पदराच्या टोकाची चिठ्ठी दाखवली. किमतीची सांकेतिक अक्षरं माझ्या हातची होती. त्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मग गर्दीचं आलं. "हे म्हणणे खरे आहे की, त्या वेळी दुकानात गर्दी होती." उलटतपासणी कागदावर अशीच उतरते. हे म्हणणे खरे आहे, हे म्हणणे खरे नाही. गर्दी होती, मी हो म्हटलं. मान्य करायच्या गोष्टीला हो म्हटल्यानं आपण हरत नाही. तुलाही गर्दीचं, उजेडाचं, अंतराचं विचारतील. जबाबात नसलेली एखादी गोष्ट तू सांगितलीस तर पोलिसांना हे सांगितलं होतं का, असं विचारतील. सांगितलं असेल तर हो म्हण, आणि त्यांनी ते का लिहिलं नाही हे मला सांगता येणार नाही, एवढं पुरे. चिडू नकोस. वकिलाचा आवाज चढला तरी तो त्याचं काम करतोय, आणि आरोपीच्या बाजूनं कुणीतरी विचारायलाच हवं.

सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी क्रमांक दोन या दुकानात आल्या होत्या का? मालक मागच्या बाकावर बसले होते. सकाळी रिक्षात ते मला म्हणाले होते, "दोघींचं सांगा, म्हणजे मिटेल." मी त्या दुसऱ्या बाईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. मी म्हटलं, "यांना दुकानात पाहिल्याचं मला आठवत नाही." वकिलांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

त्या दोघी पारधी होत्या. पकडल्याक्षणी रस्त्यावर हेच बोललं गेलं होतं, "यांचा धंदाच हा." इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, हजेरी घेतली. तो कायदा १९५२ साली गेला, पण दुकानांच्या दारात अजून उभा आहे. गादीवर मी अनेकदा पाहिलं आहे, विशिष्ट नेसण दिसली की विक्रेते एकमेकांना खूण करतात आणि चांगल्या कपड्यातली बाई ढिगातली साडी उचलून निघून जाते. एकीनं चोरी केली हे मी पाहिलं आणि सांगितलं, त्याबद्दल मला जराही खंत नाही. पण शेजारी तशीच नेसलेली म्हणून दुसरीही चोर, हे मी शपथेवर म्हणू शकत नव्हते. तुझ्या त्या मुलाबद्दल दुकानात काय बोललं जातं मला माहीत नाही. तो कुठल्या वस्तीतला, कुणाचा, आधी काय केलं होतं, यातलं काहीही तुझ्या साक्षीत येता कामा नये.

निकालात पहिलीला दोषी धरलं. पहिलाच गुन्हा म्हणून साहेबांनी १९५८च्या परिवीक्षा कायद्याचा फायदा देऊन तिला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. दुसरी निर्दोष सुटली. मालक पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. नोकरी गेली नाही. गेली असती तरी मी तेच सांगितलं असतं, हे तुला आज सांगते आहे, कारण तुझे मालकही काही ना काही म्हणतील. त्यांचा माल गेला आहे, त्यांचा राग मी समजू शकते. पण पिंजऱ्यात उभी राहशील तेव्हा तू त्यांची नोकर नसशील. मुलाचा चेहरा पाहिला असशील तर त्याच्याकडे बोट करून ठणकावून सांग, त्याच्या घरचे बाहेर रडत असले तरी सांग. पाहिला नसशील तर "चेहरा पाहिला नाही" म्हण आणि गप्प राहा. केस सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची आणि सरकारी वकिलांची आहे, ती तू अंगावर घेऊ नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. साक्षीदाराला येण्याजाण्याचा भत्ता असतो, तो मागून घे. कोर्टातून हजेरीचा दाखलाही घे आणि दुकानात दे, म्हणजे पगार कापायला कारण राहणार नाही. बाहेर कुणी गाठून दटावलं किंवा पैशाचं बोललं, तर त्याच दिवशी साहेबांना सांग. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना २०१८ सालीच सर्वोच्च न्यायालयानं देशभर लागू केली आहे.