सागवानी हत्ते

माझं उजवं मनगट लहानपणी मोडलं होतं. हाड जुळलं, पण हात मागे पुरता वळेनासा झाला. पाणी भरणं, धुणं, लिहिणं, कशातच अडचण नव्हती. अडचण आली ती पोलीस भरतीची तयारी सुरू केल्यावर. मैदानी चाचणीत मुलींना 4 किलोचा गोळा फेकावा लागतो. त्यासाठी छाती, खांदे, दंड कसायचे तर जोर मारायलाच हवेत. तळहात जमिनीला टेकला की मनगट जवळजवळ 90 अंशांत मागे मुडपतं आणि अंगाचा साधारण दोन-तृतीयांश भार त्यावर येतो. चार जोरांत डोळ्यांत पाणी यायचं. घरचे, बरोबरीच्या मुली, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं : नाद सोड.

उरणजवळच्या करंज्याचे सुतारकाका तसं म्हणाले नाहीत. आमचं त्यांचं नातं काही नाही. वडिलांची होडी दुरुस्त करायचे, एवढीच ओळख. तरुणपणी ते मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचे, माझगावला काम करायचे आणि संध्याकाळी गिरणगावातल्या एका तालमीत घुमायचे. तिथे विटांवर हात ठेवून जोर मारणारे पहिलवान त्यांनी पाहिले होते. विटेने छाती खोल जाते, पण मनगट मुडपलेलंच राहतं, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. माझा हात हातात घेऊन, सांधा हळूहळू फिरवून पाहत ते म्हणाले, “मनगट वलत नाय ना? मंग नको वलवू. मूठ तं वलते ना?”

त्यांनी माझ्या मुठीचं माप सुतळीने घेतलं. जोर मारताना मुठीत धरायच्या हत्त्यांसाठी होडीच्या कामातून उरलेल्या सागवानाचे दोन गोल दांडे काढले, बोटं पुरती मिटतील एवढेच जाड. खाली रुंद बैठक दिली, कारण अरुंद बैठकीचा हत्ता भार तिरका पडला की कलंडतो. तळाला टायरच्या ट्यूबचे तुकडे लावले. खिळा एकही नाही. उरणच्या खाऱ्या हवेत लोखंड किती टिकतं हे होडीवाल्याला कोणी सांगायला नको. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. दांड्यांना पॉलिश केलं नाही, घामाने हात निसटतो म्हणून.

मूठ वळून हत्ता धरला की पंजा, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतो. भार हाडातून सरळ खाली उतरतो, सांध्याला पीळ बसत नाही. शिवाय छाती मुठींच्याही खाली जाते, स्नायू जास्त ताणला जातो, म्हणून तोच जोर अधिक अंगी लागतो. पण काकांनी सुरुवातीला तेवढं खाली जाऊच दिलं नाही. जमिनीवर जेवढं वाकतेस तेवढंच वाक, कोपरं बाहेर फाकवू नकोस, खांदा आधी तयार होऊ दे, हे ते समोर बसून पुन्हा पुन्हा सांगत. त्यांचं हे समोर बसणं मला त्या लाकडाइतकंच मोलाचं वाटतं.

पुढे इराणच्या झूरखान्यांबद्दल वाचनात आलं. तिथले मल्ल बुटक्या पायांच्या फळीवर हात ठेवून जोर काढतात, आणि त्या सगळ्या व्यायामपरंपरेला 2010 साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळालं. हे सांगायला मी मुद्दाम करंज्याला गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लाकूर कंचा वापरतान ते?”

वर्दी मिळाल्यावर मी त्यांच्यापुढे पाकीट ठेवलं. त्यांनी ते आईच्या हाती परत पाठवलं.

सुट्टीत केगाव, नागावच्या मुली माझ्याकडे सरावाला येतात. बाजारातले हत्ते बहुतेकींना पुरतात. बैठक रुंद आहे ना, मूठ पुरती मिटते ना, एवढं मी पाहते. जिची मूठ लहान किंवा मनगट अधू, तिला करंज्याला नेते. काकांचे हात आता थरथरतात, रंधा त्यांचा नातू चालवतो. मुलींकडून पैसे घ्यायचे नाहीत, सागवानाचे आणि मजुरीचे माझ्याकडूनच घ्यायचे, असं मी त्याला बजावलं आहे. आजोबांना कळू न देता तो ते घेतो.