ठेंगणे दार

आजवर मी चहा प्यालो तो बहुतेक उभ्यानेच. आसनगावात राहायचे अन् मुंबईला नोकरी करायची म्हटल्यावर दुसरे काय होणार? लोकल दिसली की उरलेला चहा घशात ओतायचा, जीभ पोळून घ्यायची अन् धावत सुटायचे. पस्तीस वर्षे हा नेम अखंड चालला. तेव्हा चहा पिण्याचाही विधी असतो आणि तो साग्रसंगीत करायला चार-चार तास लागतात, असे कुणी सांगते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

सांगितले ते माझ्या पुतणीने. ती पुण्यात जपानी भाषा शिकते. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिच्याकडे गेलो, तर तिने मला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेले. दहा एकरांची ही बाग जपानातल्या ओकायामा शहरच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेली असून २००६ साली खुली झाली. मूळ कोराकुएन मात्र जुने. इकेदा त्सुनामासा या सरदाराने ते १६८७ ते १७०० या काळात घडवून घेतले.

"ही फिरायची बाग, काका. चहाची बाग याहून कितीतरी लहान. आपल्या अंगणाएवढी."

"इतक्याशा जागेत चहाची झाडे किती मावणार?"

"अहो, तिथे चहाचे एकसुद्धा झाड नसते!" ती खळखळून हसली. "ती नुसती चहाघराकडे जायची वाट. तिला 'रोजी' म्हणतात, म्हणजे दव पडलेली वाट. दगडांवर पावले टाकत सावकाश जायचे. मध्ये पाण्याची दगडी कुंडी असते, ती मुद्दाम इतकी खाली की उकिडवे बसूनच हात धुवावे लागतात. अन् चहाघराचे दार जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचे! सामुराई असो की सावकार, गुडघ्यांवर सरकतच आत जायचे. तलवार बाहेर ठेवायची. सेन नो रिक्यू नावाच्या सोळाव्या शतकातल्या चहागुरूने ही रीत घालून दिली, असे मानतात. आत गेल्यावर दाट हिरवा चहा एकाच वाडग्यातून सगळे पाहुणे आळीपाळीने पितात. 'इचिगो इचिए' म्हणतात ते लोक. एक वेळ, एक भेट. हीच भेट पुन्हा नाही."

मी गप्प झालो. पोरीने नेमके दुखरे ठिकाण गाठले होते.

वाचकहो, आमच्या वडिलार्जित घराचे दारही असेच ठेंगणे. वाटण्या झाल्या तेव्हा ते दादाच्या वाट्याला गेले. पुढे पडवीच्या भिंतीवरून शब्दाला शब्द वाढला अन् आमचे बोलणे बंद पडले. मी माझ्या बाजूला साडेसहा फुटी दार काढून घेतले. दादाच्या दारातून जायचे तर मान लववावी लागेल, म्हणून नऊ वर्षे तिकडे फिरकलो नाही. पुतणी मात्र दोन्ही दारांतून येत-जात राहिली. ती दादाचीच मुलगी.

पाडव्याच्या सकाळी लवकर जाग आली. माहुलीचा डोंगर अजून धुक्यात होता. अंगणातल्या गवतावर दव पडले होते. चपला काढल्या अन् तसाच दादाच्या दाराशी गेलो. वाकलो, तरी कपाळ चौकटीला लागलेच.

"जपून," आतून दादाचा आवाज आला. "सवय मोडलीय तुझी."

वहिनींनी गवती चहा घालून उकळलेला चहा आणला. हातात एकच कपबशी. माझ्यासाठी दुसरी आणायला त्या वळणार, तोच दादाने अर्धा चहा बशीत ओतला अन् बशी माझ्याकडे सरकवली. लहानपणी आम्ही असाच वाटून पीत असू. भिंतीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. मी बशी खाली ठेवली आणि वहिनींना म्हटले, "आणखी थोडा असेल तर द्या."