वरून चकाचक, आतून पोचा!

वसई म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? किल्ला, केळीच्या वाड्या, सुकेळी, सुरुची बाग. म्हणजे सगळी पश्चिम! पण बॉस, वसईला पूर्वपण आहे. वसई रोडला पूर्वेकडे उतरा आणि गोखिवरे, सातिवली, वालीवच्या दिशेनं जाणारी रिक्षा पकडा. इथे गाळेच गाळे. कुठे पत्रा कापतायत, कुठे वाकवतायत, कुठे रंगवतायत. आपल्या बाइकवाल्यांसाठी ही खरी पंढरी.

माझं काम होतं बाबांच्या आरएक्स १००च्या टाकीचं. यामाहाची ही टू-स्ट्रोक गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. आमची १९९४ची. नंबर एमएच-०४, कारण तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला, आणि वसईच्या नव्या गाड्यांवर आता एमएच-४८ असतं. पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून गेलं आणि टाकीला वाटीएवढा पोचा आला. बाबांचं म्हणणं सोपं, ‘‘पुट्टी भर, रंग मार, विषय संपला.’’

गाळ्यातल्या काकांनी टाकीवर नुसता तळवा फिरवला. मग खिशातून लोहचुंबक काढून लावलं. पोच्याजवळ ते घट्ट चिकटलं. खाली शिवणीपाशी मात्र सरळ घसरून पडलं. ‘‘इथे पत्रा कमी, पुट्टी जास्त. सगळा रंग काढावा लागेल.’’

रंग काढायचे मार्ग तीन. घासून काढा, वाळूचा मारा करा किंवा रिमूव्हर लावा. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यामुळे वाळूचा मारा जोरात झाला तर तो वाकडा होतो. म्हणून रिमूव्हर. लावला की पाचदहा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात आणि पातीनं तो सालीसारखा निघतो. पण हा प्रकार भलताच जहाल. बऱ्याच रिमूव्हरांत मिथिलीन क्लोराइड असतं. कातडी भाजते, साधे रबरी हातमोजे त्याला फार वेळ थोपवत नाहीत आणि बंद खोलीत त्याची वाफ जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेनं २०१९ साली असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकणं बंद केलं. बाथरूममध्ये असले प्रयोग नकोतच!

नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणला. आमचं उत्खनन तेवढं थोर नव्हतं, पण थर निघाले. वर काळा, त्याखाली करडी पुट्टी, त्याखाली कंपनीचा मूळ लाल. आणि शिवणीपाशी, पुट्टीच्या आड, गंजून पडलेली टाचणीएवढी दोन भोकं! पूर्वी कुठल्यातरी गॅरेजवाल्यानं ती बुजवून वरून काळा मारला होता. म्हणजे गरम इंजिनाच्या वर पेट्रोल निव्वळ पुट्टीच्या भरवशावर उभं होतं. बाबा एकदम गप्प. याच टाकीवर पुढे बसून मी शाळेत जायचो.

आता झाळ लावायची, म्हणजे टाकीजवळ आग. आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, बरं का! हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. म्हणून काकांनी टाकी साबणाच्या गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, रात्रभर उघडी ठेवली आणि मग झाळीच्या जागेपर्यंत पाणी भरलं. वाफेला जागाच नको. पोच्यासाठी आतून हातोडी जात नाही, म्हणून बाहेरून खिळे वेल्ड करून पत्रा हळूहळू ओढला. पुट्टी शेवटी, तीही पातळ. तीन मिलिमीटरच्या वर गेली तर पुढेमागे तडकते.

उघडा पत्रा वसईच्या खाऱ्या दमट हवेत तासाभरातही तांबूस होऊ लागतो, म्हणून प्रायमर लगेच. वरून टू-के पीयू क्लिअर, नाहीतर पेट्रोल सांडलं की रंग उतरतो. रंग? लालच. आरसीवर लाल लिहिलंय. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते.

‘‘नवीन टाकी स्वस्त पडली असती,’’ बाबा म्हणाले. पडलीही असती. पण काकांनी टाकीत पाणी भरून ती रात्रभर कोरड्या कागदावर ठेवली होती. सकाळी कागद कोरडाच. आपल्याला तेवढंच हवं होतं.

तेव्हा मंडळी, सेकंडहँड बाइक बघायला जाताना फ्रिजवरचं मॅग्नेट कापडात गुंडाळून खिशात टाका आणि टाकीवर फिरवा, शिवणीपाशी नक्की. मालक हसला तर हसू दे. मॅग्नेट घसरलं, तर भाव नंतर करा, आधी रंगाखाली काय आहे ते विचारा.