आजोळ गंगाखेड, मुक्काम एडिसन

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण माझ्या वडिलांची फार लाडकी. आईचे माहेर परभणी जिल्ह्यातले. त्यामुळे दिवसातून एकदा तरी ती आमच्या पुण्याच्या घरात उच्चारली जाई, आणि आई पदराआड हसून स्वयंपाकघरात निघून जाई. गेल्या जुलैत रात्रभराचा प्रवास करून परभणीच्या फलाटावर उतरलो, तेव्हा काही तरी गमतीचे सांगावे म्हणून मी ती नातीला ऐकवली. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे लोक आपल्या गावाला हसायचे?"

ही माझी नात तेरा वर्षांची. अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानातल्या एडिसन गावी तिचा जन्म झाला आणि तिथेच ती वाढते आहे. गंगाखेडला 'आपले गाव' म्हणायला तिला काय अधिकार, असे कोणी विचारले असते तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी स्वतः तिथे बावीस वर्षांनी चाललो होतो.

प्रवासाचे कारण सांगतो. एडिसनच्या बाजूला मराठी मंडळींनी रविवारची शाळा चालवली आहे. अमेरिकेचा वसाहतीचा कायदा 1965 साली बदलला आणि आपल्याकडच्या शिकलेल्या तरुणांना तिकडचे दार उघडले. मग गावोगावी महाराष्ट्र मंडळे निघाली. 1981 साली त्या सर्वांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. गणपती झाले, नाटके झाली, दिवाळीचा फराळ झाला. पुढे मुले मोठी झाली आणि आईबापांशी इंग्रजीत बोलू लागली, तेव्हा मंडळी दचकली. आता ठिकठिकाणी शाळा आहेत. नातीला शिकवणाऱ्या बाई आठवडाभर संगणकाच्या कंपनीत काम करतात आणि रविवारी 'ळ' आणि 'ल' मधला फरक समजावतात. त्या बाईंनी सुट्टीसाठी एक काम दिले होते : घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून एक गाणे शिकून या.

आमच्या घरातले सर्वांत वयस्क माणूस म्हणजे गंगाखेडच्या मामी. वय ब्याण्णव.

आणखी एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण तिच्यावाचून मी या कामाकडे 'शाळेचे एक खूळ' म्हणूनच पाहिले असते. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये मी लेकीकडे होतो. शेजारच्या न्यू ब्रन्सविक गावात हंगेरियन लोकांची जत्रा भरते, ती पाहायला ती मला घेऊन गेली. गावात सॉमरसेट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्यात एके काळी इतके हंगेरियन कामगार होते की लोक त्या कारखान्याला थट्टेने 'हंगेरियन विद्यापीठ' म्हणत. नंतर 1956 साली बुडापेस्टमध्ये उठाव झाला, रशियन रणगाड्यांनी तो चिरडला, आणि सुमारे दोन लाख माणसे देश सोडून निघाली. त्यांतल्या तीस हजारांहून अधिक लोकांनी अमेरिकेतली पहिली रात्र काढली ती किल्मर नावाच्या लष्करी छावणीत. ही छावणी होती एडिसन आणि पिस्काटवे यांच्या हद्दीवर. माझी लेक जिथून भाजी आणते, तिथून मोटारीने थोड्याच अंतरावर!

जत्रेत कशिदा काढलेले परकर घातलेल्या मुली नाचत होत्या. लाल तिखटाचा रस्सा शिजत होता. त्याचा रंग पाहून मला सोलापूर आठवले, पण चव घेतल्यावर सोलापूरचा अपमान केल्यासारखे वाटले. ही माणसे आडनाव आधी लिहितात आणि नाव मागून, हे कळल्यावर मात्र मला आपल्या शाळेच्या हजेरीपटाची आठवण होऊन फार जवळीक वाटली. गोड रोटी विकणाऱ्या एका आजीबाईंना मी विचारले, "तुमची नातवंडे हंगेरियन बोलतात का?" त्या म्हणाल्या, "नाचतात." पुढे जरा थांबून म्हणाल्या, "एक बोलतो. बालवीरांच्या पथकात जातो तो. तिथे दुसरी भाषा बोलूच देत नाहीत. लाकडे फोडायची ती हंगेरियनमध्ये, तंबू ठोकायचा तोही हंगेरियनमध्ये."

लाकडे फोडायची हंगेरियनमध्ये! मी हसलो होतो.

असो. परभणीहून परळीच्या गाडीत बसलो. पोखर्णी गेले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, त्यात वीतभर वर आलेले सोयाबीन आणि कापूस. मग पूल आला आणि खाली तांबडे पाणी घेऊन वाहणारी गोदावरी. डब्यातल्या दोघा-तिघांनी हात जोडले. एकाने खिडकीतून नाणे टाकले. "गंगा," मी नातीला म्हणालो. तिने भूगोलात वाचले होते की गंगा उत्तरेत आहे. इकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात आणि म्हणून या खेड्याचे नाव गंगाखेड, हे ऐकल्यावर तिने वहीत लिहून घेतले.

मामींचे घर माळवदाचे. अर्धे पडले आहे, अर्ध्यात मामेभाऊ आणि वहिनी राहतात. ढाळजेत मामी बसल्या होत्या. मी वाकलो.

"वन्संचा थोरला ना तू? बस की. आन् ही कोण?"

"माझी नात, मामी. मुलीची मुलगी. अमेरिकेत असते."

"एवढ्या लांब कशाला दिली रे लेक?" मामी म्हणाल्या. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून मी पाणी मागितले.

दुपारी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी झाली. नातीच्या डोळ्यांतून पाणी आले, पण तिने दुसऱ्यांदा वाढून घेतली. मग तिने खिशातून फोन काढला, मामींच्या पुढ्यात ठेवला आणि पाठ करून आणलेले वाक्य म्हटले : "पणजी, तुम्ही मला एक गाणं शिकवाल का?"

"गाणं? मला कुठलं बाई गाणं. दळताना म्हणायचे तेवढ्या ओव्या. आता आठवंना झालंय."

पुष्कळ प्रयत्न झाले. वहिनींनी सुरुवात करून दिली, भावाने जनाबाईचे नाव काढले. मामी अर्धी ओळ म्हणत आणि थांबत. हात मांडीवर नुसते हलत. त्या रात्री नातीने फोन लावून ऐकवला : पंख्याचा आवाज, बाहेरची रिक्षा, आणि मध्येच मामींचे "आठवंना, बाई."

मला झोप आली नाही. त्याचे कारण मामी नव्हत्या. माझी आई 1949 साली लग्न होऊन इथून पुण्यास आली. हा मुलूख वर्षभर आधीपर्यंत निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला मोकळा झाला. मामांचे सगळे शिक्षण उर्दूत. ते हिशेब उर्दूत लिहीत, सहीही उर्दूत करीत. शाळा नाही, कचेरी नाही, आणि तरी या घरात मराठी जशीच्या तशी राहिली, कारण पहाटे चार वाजता बायका जात्यावर बसत आणि जाते काही उर्दू बोलत नसे. ती भाषा घेऊन आई पुण्यास आली. 'करायलाय', 'जाऊ लालाय', 'आठवंना' असे ती बोले, आणि आमच्या वाड्यात हशा पिकत असे. आम्ही मुलेही तिच्या नकला करीत होतो. चारपाच वर्षांत तिने आपली बोली आवरती घेतली. पुढे तिचे बोलणे इतके स्वच्छ झाले की ती कुठली, हे कोणाला ओळखू येत नसे. पिठाची गिरणी कोपऱ्यावरच होती. जाते विकून टाकले. तिच्या ओव्या मी कधी विचारल्या नाहीत. ती गेली तेव्हा मी पंचावन्न वर्षांचा होतो. वेळ नव्हता, असे म्हणण्याची सोय नाही.

सकाळी नातीने ढाळजेच्या कोपऱ्यात तुळशीची कुंडी उचलून पाहिली. कुंडीखाली जाते होते.

"हे फिरतं?"

"फिरत होतं," भाऊ म्हणाला.

त्याने पाथरवटाला बोलावले. टाकी लावायला आता माणूस सहज मिळत नाही. हा म्हातारा दुसऱ्या दिवशी आला. मधल्या वेळात आम्ही दोघे नदीकाठी जनाबाईच्या मंदिरात गेलो. मी नातीला गोष्ट सांगितली. सातशे वर्षांपूर्वी दमा नावाच्या गरीब वारकऱ्याची ही मुलगी. बापाने लहानपणीच तिला पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या घरी नेऊन सोडले. तिथे ती दळण, कांडण, शेणगोठा करीत राहिली आणि अभंग रचत राहिली. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागे, अशी श्रद्धा आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचे जाते म्हणून अजून दाखवतात. नामदेव तर थेट पंजाबात गेले. त्यांची 61 पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत, आणि घुमान या गावी 2015 साली आपले साहित्य संमेलनही भरले होते.

"ती परत आली का इथे?" नातीने विचारले.

"कोण?"

"जनाबाई."

मी म्हणालो, देऊळ इथे आहे. ती म्हणाली, तसे नाही विचारले.

तिसऱ्या दिवशी जाते धुऊन पुसून मांडले. खाली जुने लुगडे अंथरले. दोघांनी धरून मामींना भिंतीशी टेकवून बसवले, एक पाय लांब, एक मुडपलेला. समोर नात. ज्वारीची पहिली वैरण वहिनींनी घातली. नातीने खुंटा धरला आणि उलटा फिरवला.

"असं न्हाई गं पोरी. तुझ्याकडून माझ्याकडं. घे, माझ्या हातावर हात ठेव."

काही वेळ नुसती घरघर. पीठ जाडेभरडे पडत होते. नातीचे मनगट दुखू लागले असावे, पण ती सोडीना. फोन बाजूला चालू होता. आणि मग, मामींनी तोंड उघडले आहे हे आधी कोणाच्या लक्षातच आले नाही, इतक्या हळू आवाजात पहिली ओवी आली. ती विठूची आणि जनीची. मग दुसरी. मग सासऱ्यांची, दिराची, पाठच्या भावाची. ओवी कुठे अडली की मामी थांबत नव्हत्या. तेवढा एक फेरा नुसता जाई, आणि पुढच्या फेऱ्याला शब्द आपोआप येत. मला तो हंगेरियन पोरगा आणि त्याची लाकडे आठवली, आणि या वेळी हसू आले नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी वाचले होते. वाचताना आकड्याचे कौतुक वाटले होते. त्या एवढ्या ओव्यांमध्ये आपल्या घरची एखादी असेल का, असे कधी मनात आले नव्हते.

साधारण दहावी ओवी असेल. तिच्यात माझ्या आईचे नाव आले. आईचे माहेरचे नाव. पुण्यात ते कोणी घेत नसे. मामी गात होत्या की नणंद पुण्याला दिली, सणाला आली, तिची बोली पालटली. वहिनीने तिला ओळखले ते तिने खुंटा धरल्यावर.

मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. भाऊ मागून आला, पण काही बोलला नाही. आतली घरघर चालूच होती.

फोनमध्ये काय उतरले ते विचारू नका. जात्याच्या आवाजाखाली शब्द बुडून गेले होते. पण नातीने संध्याकाळी मामींच्या शेजारी बसून, विचारून विचारून, नऊ ओव्या वहीत लिहिल्या. तिचे अक्षर मोठे, 'ण' आणि 'न' यांची सरमिसळ, ऱ्हस्वदीर्घाचा आनंद. मी पेन काढले आणि एका ठिकाणी तिचे 'आठवंना' खोडून 'आठवेना' केले.

"आबा, पण पणजी असं नाही म्हणाल्या."

मी माझी दुरुस्ती खोडली. वहीत आता तो शब्द तीनदा आहे, दोन ठिकाणी काट मारून.

निघायच्या दिवशी तिने जाते अमेरिकेला न्यायचे म्हणून हट्ट धरला. विमानात एका पेटीला 23 किलोंची सीमा असते, हे मी तिला समजावले. भावाने वरची तळी उचलून दाखवली आणि लगेच खाली ठेवली. मामी सगळे ऐकत होत्या. त्यांनी जात्याकडे हात केला. भावाने खुंटा हलवून हलवून उपटला. शिसवी, वीतभर लांब, हाताच्या घासाने मध्ये बारीक झालेला.

"दगड इथं ऱ्हाऊ दे," मामी नातीला म्हणाल्या. "हे घे."

मग भावाकडे वळून म्हणाल्या, "सुताराकडं माणूस धाड आजच. नवा खुंटा करून आण म्हणावं. आपल्याला दळायला काय हाय मग?"