सावजाची साक्ष

माग काढणारा माणूस वाघ शोधत फिरतो असं लोकांना वाटतं. खरं तर त्याचा कान असतो सावजाकडे. टिपेश्वरच्या जंगलात हे काम त्या मानानं सोपं. वानर शेंड्यावरून खाकरलं की ते कुणीकडे तोंड करून बसलंय एवढंच बघायचं. चितळाचं फार मनावर घेऊ नये, ते पान हललं तरी ओरडतं. सांबर मात्र उगाच बोलत नाही. पाय आपटत त्यानं ‘ढांक’ लावून धरलं की वाघ नाहीतर बिबट जवळ आहे, असं मी धरून चालतो.

राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-1 वाघिणीच्या, म्हणजे अवनीच्या शोधात ही साक्षच मिळेना. तिथं नाले, झुडपी जंगल आणि मधेमधे कपाशी-तूर. सावज म्हणजे रोही, रानडुक्कर आणि गावची गुरं. रोही खबर देत थांबत नाही, सरळ पळत सुटतं.

मग उरली जमीन. नाल्याच्या बारीक वाळूत ठसा उत्तम उठतो: मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडलेला, बोटं जरा निमुळती, एकूण आकार लांबट, म्हणजे मादी. कडा अजून धारदार असतील आणि वरून किड्याची रेघ गेलेली नसेल, तर ठसा ताजा. चिखलात मात्र तोच पंजा पसरून मोठा दिसतो. कित्येक ‘जबरदस्त नर’ असे नुसत्या चिखलातून जन्माला आलेत.

हत्ती आले, ड्रोन आले, परदेशी अत्तरही शिंपडून झालं. अत्तरावर पुष्कळ विनोद झाले. मला त्यात वावगं वाटलं नाही. मांजरकुळाचा निम्मा व्यवहार वासावरच चालतो.

पण त्या पट्ट्यात सावज म्हणून माणूसही होता. वाघिणीच्या नावावर 13 मृत्यू लागलेले. कापूस वेचायला बाया घोळक्यानं जायच्या नि उन्हं कलायच्या आत परतायच्या. आपण सावज आहोत हे कळलेला माणूस सांबरासारखा नेमका बोलत नाही. त्याला सगळीकडे वाघच दिसतो. ‘भाऊ, नाल्यात बसून हाय,’ असा फोन आला की जावं, तर ठशात नखं उमटलेली. चालताना वाघ नखं आत ओढून घेतो, हे तडस. त्या माणसाला खोटं ठरवायला जीभ रेटायची नाही. ज्याच्या शेजारच्या वावरात माणूस मेलाय, त्याला नखं मोजायला कसं सांगणार?

2 नोव्हेंबर 2018च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. फोन काही थांबले नाहीत, आणि आता त्यांना भ्रम म्हणायचीही सोय नव्हती. तिचे जेमतेम दहा महिन्यांचे दोन बछडे त्याच झुडपांत होते. त्यातली मादी डिसेंबरात पकडली गेली. तोवर प्रत्येक फोनमागे धावणं भाग होतं, तडसाच्याही.