कोंड्याचा मांडा

आजी कुणावर थेट रागवायची नाही. तिच्या वतीनं म्हणी रागवायच्या. शेजारची बाई उसने पैसे मागायला येऊन अर्धा तास पाऊसपाण्याचंच बोलत बसली, की आजी म्हणायची, "ताकाला यायचं आणि भांडं कशाला लपवायचं गं?" दोघी हसायच्या, मागणं सोपं व्हायचं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीभर झालं तेही तिच्यामुळेच.

तेव्हा बेळगावातल्या अनगोळच्या घरांमागे शिवार होतं. पावसाळ्यात भात, त्यातही वासाचा बासमती. तो कापला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. भात होत आला की आजी पळीनं मधलं एक शीत काढून चिमटीत दाबायची. आत कण लागला तर झाकण पुन्हा वर. माणसंही त्याच चिमटीतून जायची. आत्याला बघायला आलेल्या मुलानं पाण्याचा तांब्या आधी आपल्या म्हाताऱ्या वडिलांपुढे सरकवला, तेवढ्या शितावर लग्न ठरलं.

मांडे पुष्कळ ठिकाणी आता मनातच खाल्ले जातात. खानदेशात ते पुरणाचे होतात, आमच्या बेळगावात पिठीसाखर, तूप, खसखस, वेलचीचे. लाटलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढी पातळ करायची, पालथ्या तापल्या कढईवर टाकायची आणि कडक व्हायच्या आत घडी घालायची. मनगट जरा चुकलं की फाटलीच. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू दिलं नाही म्हणून ज्ञानोबांनी पाठ तापवली, ही गोष्ट आजी मांडे बघतानाच सांगायची.

सीमाप्रश्नालाही तिनं स्वयंपाकघरातूनच उत्तर दिलं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं; मग 1966 चा महाजन आयोग, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा. सभेहून घरची माणसं तावातावानं बोलत आली की ती ताटं मांडायची. "बोलाचीच कढी, बोलाचाच भात. इथं खरा आहे, जेवून घ्या."

आईचं कौतुक तिनं एकाच म्हणीत केलं. महिनाअखेरीला डब्यांच्या तळाचं झाडून आई काहीतरी चविष्ट करायची, तेव्हा आजी म्हणायची, "हिनं कोंड्याचा मांडा केला बघा." आईला ते पुरायचं.

आजी गेली. शिवाराचे प्लॉट पडले. वाटणीच्या वेळी सगळे सरळ बोलले: कुणाचं किती, रस्त्याकडची बाजू कुणाची. ते शब्द न शब्द लक्षात राहिलं. आजी असती तर "खाई त्याला खवखवे" एवढं हवेत सोडून आत निघून गेली असती. कुणाचं नाव आलं नसतं, आणि पूर्वजांच्या बोलण्यावर उलटून तरी कोण बोलणार?

तिच्या म्हणी मला सगळ्या येतात. परवा भावजयीनं उरलंसुरलं मळून थालीपिठं लावली. खमंग झाली होती. आजीची म्हण ओठांवर आली. पण माझ्या तोंडून तिला आधी कोंडाच ऐकू आला असता. ते म्हणायला घरात जो अधिकार लागतो, तो मायेनं आणि वयानं मिळतो, आणि आमच्याकडे तो आजीबरोबर संपला. मी नुसतं "छान झालंय" म्हटलं.