चूक कबूल करणे हाच पहिला उपचार

आम्ही डॉक्टर नाही. पण रक्ताची बाटली, योजनेचे कार्ड, रेफरची चिठ्ठी यांसाठी वस्तीतल्या माणसांबरोबर दवाखान्याच्या पायऱ्या झिजवताना आम्हाला एक गोष्ट कळली. गरिबाच्या लेकराबाबत चूक झाली की तिला चूक म्हणत नाहीत, 'नशीब' म्हणतात. आमचा विरोध या शब्दालाच आहे.

साधे गणित पाहा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन हे इंजेक्शन सर्रास देतात. बाळ १२०० ग्रॅमचे असेल आणि किलोमागे ५ मिलीग्रॅम धरले, तर लागतात फक्त ६ मिलीग्रॅम. मोठ्यांच्या बाटलीत एका मिलीलीटरला ४० मिलीग्रॅम औषध असते. म्हणजे द्यायचे ०.१५ मिलीलीटर. दशांशचिन्ह एक घर सरकले की १.५, थेट दहापट! रात्रभर एकटी सिस्टर अख्खा कक्ष सांभाळत असेल, तर याला नशीब म्हणायचे की व्यवस्था?

मागे एका ऊसतोड मजुराच्या बाळाबाबत हेच घडले. बापाला सांगितले गेले, "बाळाला जरा त्रास आहे." आम्ही केसपेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज दिला. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावेच लागतात. कागदावर आकडा स्पष्ट होता.

पुढचे आम्हाला एका बालरोगतज्ज्ञांनी समजावले. या औषधाला खास उतारा नाही. ते मूत्रपिंडातून बाहेर पडते, आणि अशा बाळाचे मूत्रपिंड पुरते तयार नसल्याने अंगात जास्त वेळ रेंगाळते. म्हणून पुढचा डोस ताबडतोब थांबवायचा. रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा मोजायची. क्रिएटिनिन, लघवी आणि श्वास यांवर नजर ठेवायची, सलाइन मोजून द्यायचे. मूत्रपिंडाला वा कानाला इजा करणारी दुसरी औषधे शक्यतो टाळायची. फारच गंभीर असेल तर रक्तबदलाचा विचार होतो, पण एवढ्याशा जिवाला त्याचाही धोका असतो. पुष्कळ बाळे काटेकोर देखरेखीनेच सावरतात.

म्हणजे उपचाराचा गाभा लक्ष ठेवणे हा आहे. चूकच लपवली, तर लक्ष कशावर ठेवणार?

कानाची इजा उशिराही उघड होऊ शकते. म्हणून बेरा तपासणी करायची आणि पुढेही कान तपासत राहायचे. डिस्चार्ज कार्डावर ओव्हरडोसची नोंदच नसेल, तर तोडीवर गेलेली आई पुढच्या डॉक्टरला काय सांगणार? मूल बोलत नाही म्हणून दोष मात्र तिलाच!

काही जण म्हणतील, कबूल केले तर नातेवाईक मारहाण करतात. मारहाणीला आमचा ठाम विरोध आहे. एका सिस्टरला निलंबित करून फाईल बंद करणे, यालाही आम्ही न्याय मानत नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. आईबापांना लेखी सांगा. कार्डावर नोंद करा. डोस दोघांनी तपासा. लहान मुलांसाठीची, मिलीलीटरला १० मिलीग्रॅमची बाटली साठ्यात ठेवा. मग ६ मिलीग्रॅमला लागतील ०.६ मिलीलीटर. दहापट चुकायचे तर २ मिलीलीटरच्या तीन बाटल्या फोडाव्या लागतील, तिथे हात आपोआप थबकेल.

तरुण मित्रांनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून बहिरेपणाची तपासणी समाविष्ट आहे. दवाखान्यात जाल तेव्हा घोषणेआधी केसपेपर मागा, आणि तो आकड्यासकट वाचा.